माशाची माशी

मराठीत मासा आणि माशी या शब्दांत अंतर ते केवढे! एक अक्षर बदलले की झाले. पण या एका अक्षराच्या अंतरात माणसाने निदान अठराशे वर्षे आपली बुद्धी खर्च केली आहे असे म्हटले, तर फराळाच्या ताटावरून कोणीतरी नक्की विचारील, "म्हणजे काय बुवा?" म्हणजे असे, की गरीला गांडूळ लावायचे नाही, कणकेचा गोळा लावायचा नाही, नुसती पिसे, केस आणि दोरा गुंडाळून किड्याचा भास निर्माण करायचा आणि त्या भासावर मासा धरायचा. इंग्रज या बनावट किड्याला माशीच म्हणतात. आपणही तेच म्हणू. इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकांत होऊन गेलेल्या ईलियन नावाच्या रोमन ग्रंथकाराने लिहून ठेवले आहे, की मॅसिडोनियातल्या एका नदीवर लोक गरीला तांबडी लोकर गुंडाळतात आणि तिच्यावर कोंबड्याच्या गळ्याखालची दोन पिसे बांधतात. आपल्याकडेही गळाचे शास्त्र काही कालपरवाचे नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेल्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात 'मत्स्यविनोद' हे एक प्रकरणच आहे. माशांच्या जाती, कोणाला कोणते खाणे, दोरी कशी, काठी कशी, हे सारे त्यात सांगितले आहे. पण तो राजाचा विनोद. मला आज सांगायची आहे ती गोष्ट अमेरिकेतल्या एका माशाची आणि त्याच्यासाठी घरातल्या टेबलावर बांधल्या जाणाऱ्या माशीची आहे.

त्या माशाचे नाव स्मॉलमाउथ बास, म्हणजे लहानतोंड्या बास. नाव 'बास' खरे, पण त्याच्या नादी लागलेल्याला कधी 'बास' म्हणवत नाही! अंगाचा रंग काशासारखा, त्यावर उभे काळपट पट्टे, डोळे लालबुंद. थोरल्या बंधूचा, मोठतोंड्या बासचा, जबडा डोळ्याच्याही मागे जातो. याचा डोळ्याखालीच संपतो, म्हणून हा लहानतोंड्या. नद्यांच्या खडकाळ, वाहत्या, स्वच्छ पाण्यात राहावे आणि नांग्यावाल्या गोड्या कोळंब्या, लहान मासे, पाण्यावरचे किडे जे मिळेल ते गट्ट करावे, असा याचा संसार. शास्त्रीय नाव मिळाले तेही गमतीने. १८०२ साली फ्रेंच शास्त्रज्ञ लासेपेद याच्यापुढे जो नमुना आला त्याच्या पाठीवरच्या पराचा मागचा भाग तुटलेला होता. तो तुकडा म्हणजे एक वेगळा छोटा पर आहे असे समजून त्याने सगळ्या कुळालाच 'छोट्या पराचा' अशा अर्थाचे 'मायक्रॉप्टेरस' हे नाव दिले. पुढे खरे कळले, पण नाव चिकटले ते चिकटलेच. बारशाला एकदा कानात सांगितलेले नाव बदलता येत नाही, हा नियम प्राणिशास्त्रातही आहे.

हा मासा मूळचा सरोवरांच्या मुलुखातला आणि ओहायो-मिसिसिपीच्या खोऱ्यांतला. अ‍ॅलेगेनी डोंगराच्या पूर्वेला, अटलांटिकला मिळणाऱ्या नद्यांत तो नव्हता. तो तिथे गेला आगगाडीने! १८५४ साली, बाल्टिमोर आणि ओहायो रेल्वे डोंगर ओलांडून नुकतीच व्हीलिंगपर्यंत पोचली होती तेव्हा, श्रायव्हर नावाच्या एका गृहस्थाने व्हीलिंगच्या ओढ्यातले थोडेसे बास भोके पाडलेल्या पत्र्याच्या डब्यात घातले, तो डबा इंजिनामागच्या पाण्याच्या टाकीत सोडला आणि मासे डोंगरापलीकडे कंबरलंडच्या कालव्यात आणून सोडले. तिथून ते पोटोमॅक नदीत उतरले आणि वाढले. पुढे सस्क्वेहॅनासारख्या नद्यांतही बास सोडले गेले. त्या काळी याला कोणी नावे ठेवली नाहीत. आज शास्त्रज्ञ ठेवतात, आणि मला वाटते योग्यच ठेवतात. दक्षिण आफ्रिकेच्या केप प्रांतातल्या नद्यांत हा पाहुणा सोडल्यावर तिथल्या लहान देशी माशांची जी वाताहत झाली, ती पाहता हौसेच्या पोटी केलेली सारीच वाहतूक कौतुकाची नसते.

आता माशीकडे वळू. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-स्कॉटलंडात सामन माशासाठी माशा बांधण्याची कला शिगेला पोचली होती. साऱ्या साम्राज्यातून आणि त्याच्याही बाहेरून पिसे येत. दक्षिण अमेरिकेचा टूकन, चीनचा सोनेरी तित्तर. आणि या दरबारात आपल्या सह्याद्रीचा एक मानकरी होता. राखी रानकोंबडा. महाबळेश्वरच्या किंवा कोयनेच्या रानात पहाटे त्याची तुटक बांग ज्याने ऐकली असेल त्याला तो ओळखीचा आहे. नराच्या मानेवरच्या पिसांच्या टोकांशी मेणाचे थेंब सांडावेत तसे चकचकीत पिवळट ठिपके असतात. ते ठिपके माशीच्या दोन्ही अंगांना बांधले की लहान माशाचे डोळे दिसू लागतात. 'जॉक स्कॉट' या त्या काळच्या सर्वांत मिजासखोर माशीलाही ही पिसे लागत. सामन काही सह्याद्रीत येत नाही आणि रानकोंबड्याने स्कॉटलंड पाहिले नाही. तरी दोघांची गाठ एका गरीवर पडली. त्या पिसांपायी किती रानकोंबडे मारले गेले असतील कोण जाणे. १९०२ साली हिंदुस्थान सरकारने पक्ष्यांची कातडी आणि पिसे परदेशी पाठवण्यावर बंदी घातली तरी चोरटा व्यापार चालूच राहिला. आता परदेशातले हौशी लोक पिंजऱ्यांत वाढवलेल्या रानकोंबड्यांची पिसे वापरतात, एवढे बरे.

अमेरिकन बासला हे सोवळेओवळे ठाऊक नव्हते. तिथल्या साहेबी वळणाच्या लोकांना ट्राउट आणि सामन हेच खानदानी मासे. बास म्हणजे गावंढळ. हा समज मोडायला डॉक्टर जेम्स हेन्शल उभा राहिला. पेशाने वैद्य. १८८१ साली त्याने काळ्या बासवर एक जाडजूड ग्रंथ लिहिला आणि वजनास वजन धरले तर झुंजण्यात याच्या तोडीचा मासा नाही असा पुकारा केला. पुढे १८९२ साली मेरी ऑर्व्हिस मार्बरी या बाईने माशांच्या माशांवर (काय करणार, मराठीने अडचण केली!) एक सुरेख सचित्र ग्रंथ काढला. व्हरमाँटमधल्या मॅंचेस्टर गावी तिच्या वडिलांचा मासेमारीच्या सामानाचा कारखाना होता आणि माशा बांधणाऱ्या बायकांचा विभाग ती चालवीत असे. ग्रंथासाठी तिने ठिकठिकाणच्या गळवाल्यांची पत्रे मागवली. कोण कुठल्या पाण्यात कोणती माशी वापरतो ते त्यांतून गोळा झाले. त्यात बासच्या माशांना स्वतंत्र जागा मिळाली. तरी त्या माशा बहुतेक ट्राउट-सामनच्या माशांच्याच थोरल्या बहिणी होत्या, भपकेबाज आणि रंगीत.

बासचे खरे घरगुती आमिष त्याहून जुने आहे. विल्यम बार्ट्रम हा वनस्पतींचा अभ्यासक फ्लॉरिडात हिंडला. त्याचे प्रवासवर्णन १७९१ साली छापले गेले. त्यात होडीतल्या दोघांचे वर्णन आहे. एक जण होडी हाकतो, दुसरा पुढे बसून दहा-बारा फुटी काठी धरतो. काठीला जेमतेम वीतभर-दोन वीत दोरी, तिला पाठीला पाठ लावून बांधलेल्या तीन गऱ्या, आणि गऱ्यांवर हरणाच्या शेपटीचे पांढरे केस, तांबड्या फितीच्या चिंध्या व रंगीबेरंगी पिसे यांचा मुठीएवढा झुबका. तो पाण्यावर नाचवायचा की मोठतोंड्या बास झेपावतो. हरणाची शेपटी, चिंधी आणि कोंबडीची पिसे: घरात आणि परसात मिळेल ते! टूकनबिकन काही नाही.

हरणाच्या केसाचे एक मर्म आहे. अंगावरचा केस आतून हवेने भरलेला असतो. तो चिमूटभर घेऊन गरीवर धरावा, दोऱ्याचे दोन सैल वेढे द्यावेत आणि मग दोरा आवळावा. केस झाडूसारखे ताठ उभे राहतात आणि गरीभोवती फिरतात. अशी चिमटीमागून चिमटी दाटीने बांधली आणि कात्रीने कातरली की बुचासारखा तरंगणारा जाड किडा तयार होतो. शेपटीचा केस मात्र असा फुलत नाही. तो लांब, लवचिक, पाण्यात माशाच्या अंगासारखा सळसळतो. म्हणून अंगाच्या केसाचा किडा आणि शेपटीच्या केसाचा मासा, अशी वाटणी आपोआप झाली. न्यू यॉर्क राज्याच्या डोंगराळ भागात ओल्ड फोर्ज गावी टटल नावाच्या गृहस्थाने १९२० च्या सुमारास तळ्यावर किडे गिळणारे बास पाहून हरणाच्या केसांचा असा एक किडा बांधला. तो पाहून बायको म्हणाली, हा तर सैतान दिसतो! आणि त्याचे नाव 'सैतानी किडा' पडले, असे सांगतात. बायकोने नाव ठेवले की ते टिकते.

त्याआधीच, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, टेनेसीतल्या चॅटनूगा गावच्या पेकिनपॉ याने गरीवर बाटलीचे बूच बसवून तरंगती माशी काढली होती. त्या बुचाची कीर्ती मासिकांतून पसरवणाऱ्यांत शिकागोचा विल डिल्ग होता, आणि त्याच्यापाशी मला जरा थांबायचे आहे. जाहिरातीच्या धंद्यातला हा माणूस वरच्या मिसिसिपीवर दरसाल लहानतोंड्या बास धरायला जाई. त्याचा मुलगा याच नदीत बुडून गेला. तरी, किंवा त्यामुळेच असेल, त्याची नदीवरची माया आटली नाही. १९२२ साली शिकागोत चौपन्न जणांनी मिळून आयझॅक वॉल्टन लीग काढली. तिचा म्होरक्या डिल्ग. पुढल्याच वर्षी नदीकाठची विनेशिक नावाची मोठी पाणथळ आटवून शेतजमीन करण्याचा बेत निघाला. तिथेच मासे अंडी घालीत, पुराच्या पाण्यात पिल्ले वाढत. डिल्ग वॉशिंग्टनला जाऊन बसला, खासदारांना गाठू लागला, बायकांच्या मंडळांना आणि वर्तमानपत्रांना उठवू लागला. ७ जून १९२४ रोजी कायदा झाला आणि चार राज्यांतून सुमारे ४२० किलोमीटर लांबीचे नदीकाठचे अभयारण्य ठरले. त्यासाठी संसदेने पंधरा लाख डॉलरची मर्यादा घातली होती. डिल्ग १९२७ साली वारला. अभयारण्य आजही आहे. बाटलीच्या बुचावर मासे धरणाऱ्याने एवढी नदी राखली. मोठमोठ्या आयोगांना हे साधले नसते असे माझे मत आहे.

घरगुती माशीच्या इतिहासातले अलीकडचे नाव बॉब क्लाउझर. पेनसिल्वेनियात सस्क्वेहॅनाकाठी मिडलटाउन इथे त्याचे गळाच्या सामानाचे दुकान होते आणि लोकांना नदीवर नेण्याचा व्यवसाय. १९८७ च्या सुमारास त्याने लहानतोंड्या बाससाठी जी माशी बांधली तिच्यात आहे काय? एक गरी, शिशाचे डंबेलसारखे दोन डोळे, हरणाच्या शेपटीचे दोन रंगांचे थोडेसे केस आणि चार चमकते धागे. संपले! युक्ती डोळ्यांच्या जागेत आहे. ते गरीच्या दांड्यावर वरच्या अंगाला बांधलेले असल्यामुळे वजनाने गरी उलटी होते, टोक वर येते आणि खडकात अडकत नाही. दोरी ओढली की माशी पुढे उसळते, थांबली की डोके खाली करून बुडते. घाबरलेला मासा असाच पळतो. मेरीलंडच्या लेफ्टी क्रे या नामांकित गळवाल्याने तिला नाव दिले आणि तिचा गाजावाजा केला. आता ही माशी समुद्रातही चालते. पण ती नदीवर, बाससाठी, शेपटीभर केसांतून निघाली.

दुर्दैवाने त्याच सस्क्वेहॅनात २००५ साली बासची पिल्ले अंगावर फोड येऊन मोठ्या संख्येने मरू लागली. जीवाणू, विषाणू, तापलेले पाणी, पाण्यात उतरणारी शेतीची आणि शहरांची घाण, असे अनेक धागे शास्त्रज्ञांच्या हाती लागले. क्लाउझरसारखे लोक त्याविषयी बोलत राहिले. पुढे राज्याने नदीच्या काही भागांत धरलेला बास तिथल्या तिथे परत सोडण्याचा नियम केला आणि वसंतातले अंडी घालण्याचे दिवस पूर्ण वर्ज्य ठरवले. त्या दिवसांत नर शेपटीने खडे झाडून घरटे करतो आणि अंड्यांवर, मग पिल्लांवर एकटा पहारा देतो. तेव्हा पुढ्यात कोणतीही माशी पडली तरी तो ती तोंडात धरतो. खाण्यासाठी नव्हे, घरट्यापासून दूर नेऊन टाकण्यासाठी.