भिंतीवरची मांडणी आणि अमेरिकन छायाचित्र

न्यूयॉर्क येथे १९२९ साली स्थापन झालेल्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट, म्हणजेच ‘मोमा’, या संग्रहालयाने छायाचित्राला चित्र आणि शिल्प यांच्या पंक्तीला बसवले, हे सर्वमान्य आहे. मात्र भिंतीवर लागलेले छायाचित्र ते टिपणाऱ्याचे की मांडणाऱ्याचे, हा प्रश्न तेथील प्रदर्शनांतून पुढे अनेक दशके धुमसत राहिला.

संग्रहालयाचे ग्रंथपाल बोमाँट न्यूहॉल यांनी १९३७ साली छायाचित्रणाच्या सुमारे शंभर वर्षांच्या वाटचालीचे मोठे प्रदर्शन भरवले आणि १९४० साली स्वतंत्र छायाचित्र विभाग सुरू झाल्यावर ते त्याचे पहिले क्युरेटर, म्हणजे कलाकृतींची निवड व मांडणी ठरवणारे अभ्यासक, झाले. या दोन घटनांच्या मधोमध, १९३८ साली, वॉकर इव्हान्स यांचे ‘अमेरिकन फोटोग्राफ्स’ हे एकाच छायाचित्रकाराला वाहिलेले मोमातील पहिले छायाचित्र-प्रदर्शन भरले. रस्त्यावरच्या पाट्या, लाकडी चर्चे आणि अलाबामात बटाईने कापूस पिकवणारी कुटुंबे यांची ती चित्रे इव्हान्स यांनी उद्घाटनापूर्वी रात्रीतून स्वतः लावली. काही कापून लहान केली, तर काही चौकटीविना थेट भिंतीवर चिकटवली. मांडणीवरचा हक्क छायाचित्रकाराने इतक्या ठामपणे क्वचितच बजावला असेल.

याच विभागाचे पुढचे प्रमुख एडवर्ड स्टायकन यांनी नेमकी उलट दिशा धरली. त्यांच्या ‘द फॅमिली ऑफ मॅन’ या जानेवारी १९५५ मध्ये खुल्या झालेल्या प्रदर्शनात ६८ देशांतील २७३ छायाचित्रकारांची ५०३ छायाचित्रे होती; ती हव्या त्या आकारात नव्याने छापून, वास्तुविशारद पॉल रुडॉल्फ यांनी आखलेल्या दालनांत जन्म, श्रम, प्रेम, मृत्यू अशा क्रमाने गुंफली होती. अमेरिकन सरकारच्या माहिती खात्याने शीतयुद्धाच्या काळात त्याच्या प्रती देशोदेशी फिरवल्या आणि १९५६ साली मुंबईकरांनाही ते पाहायला मिळाले. एरवी संग्रहालयाची पायरी न चढणारा माणूस त्यामुळे छायाचित्रांसमोर उभा राहिला, हे स्टायकन यांचे मोठेच श्रेय होय. परंतु अन्याय आणि विषमता यांचा इतिहास ‘माणूस येथूनतेथून सारखाच’ या सूत्राखाली झाकला जातो, हा फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थ यांचा आक्षेपही खोडून काढता येत नाही.

स्टायकन यांच्या जागी १९६२ साली विभागप्रमुख म्हणून आलेल्या जॉन सारकोव्स्की यांनी छायाचित्रकाराची दृष्टी पुन्हा केंद्रस्थानी आणली. डायान आर्बस, ली फ्रीडलँडर आणि गॅरी विनोग्रँड यांचे १९६७ मधील ‘न्यू डॉक्युमेंट्स’ हे प्रदर्शन समाजसुधारणेचा हेतू बाजूला ठेवून केवळ जग जाणून घेऊ पाहत होते. १९७६ मध्ये विल्यम एगल्स्टन यांची ७५ रंगीत छायाचित्रे लागली. तीन रंगांचे तीन साचे एकाच कागदावर एकामागून एक उमटवणारी, जाहिरातींसाठी वापरली जाणारी ‘डाय ट्रान्सफर’ ही खर्चिक पद्धत त्यांत वापरली होती. मोमातील हे पहिले रंगीत प्रदर्शन असे सर्रास लिहिले जाते, ते चूक आहे. अर्न्स्ट हास यांची रंगीत छायाचित्रे तेथे १९६२ मध्येच लागली होती. समीक्षकांनी एगल्स्टन यांना सामान्य आणि कंटाळवाणे ठरवले, तरी पुढच्या पिढीतील रंगीत छायाचित्रणाने त्यांचाच माग घेतला.

स्टायकन यांची मांडणी मात्र टिकून राहिली. त्यांच्या जन्मभूमीत, लक्झेंबर्गमधील क्लेर्व्हो येथील किल्ल्यात, ‘द फॅमिली ऑफ मॅन’ १९९४ पासून कायमस्वरूपी मांडलेले आहे आणि २००३ साली युनेस्कोच्या ‘मेमरी ऑफ द वर्ल्ड’ नोंदवहीत त्याचा समावेश झाला. ही नोंद एखाद्या छायाचित्राची नसून संपूर्ण प्रदर्शनाची आहे.