दुहेरी टिचकी, यादी-पेटीवरील

संगणकाच्या पडद्यावरील यादीतील एखाद्या नोंदीवर माउसची कळ लागोपाठ दोनदा दाबली असता ती नोंद निवडली जाऊन तीवरील क्रियाही लगेच घडते. या संकेतास दुहेरी टिचकी म्हणतात. ॲपल कंपनीच्या लिसा (१९८३) व मॅकिंटॉश (१९८४) या संगणकांनी तो रूढ केला. त्यांच्या माउसला एकच कळ असल्याने एका टिचकीने निवड व दोहोंनी कृती, अशी विभागणी सोयीची ठरली. विंडोज प्रणालीनेही ती स्वीकारली. तेथे दोन टिचक्यांमधील कमाल अंतर, वापरणाऱ्याने बदलले नसल्यास, ५०० मिलिसेकंद असते.

महाजालावरील अर्जांत निवड-यादी एचटीएमएल २.० (१९९५) या प्रमाणकाने आणली, तर दुहेरी टिचकीच्या घटनेस एचटीएमएल ४.० (१९९७) मध्ये स्थान मिळाले. तिच्या तपशिलाविषयी मात्र ब्राउझरांत एकवाक्यता नव्हती. इंटरनेट एक्सप्लोररच्या जुन्या आवृत्त्यांत ही घटना यादीतील सुट्या नोंदींपर्यंत पोहोचतच नसे. म्हणून ती संपूर्ण पेटीला जोडून निवडलेल्या नोंदीचा क्रमांक वाचावा लागे. या उपायातही धोका होता : पेटीतील रिकाम्या जागेवर टिचक्या पडल्या, तरी आधी निवडलेल्या नोंदीवरच कृती घडे. शिवाय त्याच ब्राउझरच्या आठव्या आवृत्तीपर्यंत दुसरी टिचकी स्वतंत्रपणे नोंदली जात नसे. इतरत्र दोन एकेरी टिचक्या व त्यांनंतर दुहेरी, असा क्रम असे. टिचक्या मोजणारी आज्ञावली त्यामुळे एका ब्राउझरात चाले व दुसऱ्यात फसे.

हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. परभणी जिल्ह्यातील शेतकरी सातबारा उतारा पाहताना जिल्हा, तालुका व गाव यादीतूनच निवडतो. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी वेगळा झाल्यानंतर परभणीच्या यादीत जिंतूर, सेलू, गंगाखेड, पाथरी इ. नऊ तालुके उरले. तालुका निवडल्यावर गावांची यादी भरते. एकाच नावापुढे ‘बुद्रुक’ व ‘खुर्द’ लागलेली गावे तीत शेजारी आली, की बोट किंचित सरकले तरी निवड चुकते. एका टिचकीने निवड आणि स्वतंत्र बटणाने शोध, अशी मांडणी असल्यास चूक कृतीपूर्वीच डोळ्यांस दिसते. दुहेरी टिचकीत ही उसंत मिळत नाही. शिवाय ती करता येते, हे पडद्यावर कोठेही लिहिलेले नसते.

स्पर्शपटलाच्या फोनवर निवड-यादी प्रणालीच्या स्वतःच्या चौकटीत उघडते व बोटाच्या पहिल्याच स्पर्शाने निवड होते. त्यामुळे तेथे दुहेरी टिचकीला वावच उरत नाही.