दिव्याआडचा हात

भिलाईतल्या आमच्या क्वार्टरमध्ये कॅलेंडरचं एक चित्र फ्रेम करून लावलेलं होतं. हातात दिवा धरलेली बाई. वडील सांगायचे, 'रविवर्म्याचं आहे.' मीही नोकरी लागेपर्यंत तेच धरून चाललो होतो.

रविवर्मा गेले 1906 साली. हे चित्र 1945-46च्या सुमाराचं. ते काढलं सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांनी, आणि दिवा घेऊन उभी आहे ती त्यांची मुलगी गीता. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे, नाव 'ग्लो ऑफ होप'. हे नाव आणि ते साल, यामुळे पुष्कळांना त्यात उंबरठ्यावर आलेलं स्वातंत्र्य दिसतं. मला नाही दिसत.

रंग बघा. साडी जांभळट, मागचा अंधार मंद, आणि ज्योतीपुढे तळहात. सगळ्यात तापलेला रंग आहे तो बोटांच्या कडांना. रात्री नकाशा बघताना आम्ही टॉर्चवर हात धरायचो, तेव्हा बोटं अशीच लालबुंद व्हायची. रक्त निळा-हिरवा उजेड शोषून घेतं, लाल तेवढा आरपार येतो. म्हणजे चित्रातला तो रंग ज्योतीचा कमी, तिच्या रक्ताचा जास्त. फ्रान्सच्या जॉर्ज द ला तूरने सतराव्या शतकात मेणबत्तीपुढच्या लहान मुलाचा हात असाच रंगवला होता, पण तैलरंगात. हळदणकरांचं चित्र जलरंगातलं. पारदर्शक जलरंगात उजेड वरून लावता येत नाही, कागद राखावा लागतो. चुकलं तर झाकायची सोय नाही. हे धाडसच म्हणायचं.

आणि भाव? ती उजेड कुणाला दाखवत नाहीये. वाऱ्यापासून जपतेय. आशा असेल तर ती अशी, धास्ती पोटात धरलेली. आम्ही टॉर्च झाकायचो तो शत्रूला दिसू नये म्हणून, ही झाकते विझू नये म्हणून. हात मात्र तसाच.

सुट्टीत घरी आल्यावर हे सगळं मी वडिलांना ऐकवलं. ते ब्लास्ट फर्नेसवरून निवृत्त झालेले, रंगावरून लोखंडाचा ताव ओळखणारे. चष्मा पुसून बराच वेळ बघत राहिले. रविवर्मा की हळदणकर, याबद्दल अवाक्षर नाही.

'हात भाजत असेल रे तिचा,' एवढंच म्हणाले.

फ्रेमच्या मागे मी पेनाने हळदणकरांचं नाव लिहून ठेवलं.