हत्तीभोवतीची गर्दी : खेद्दा ते गजदिन

जंगली हत्ती पाहायला म्हैसूर संस्थानात राजेरजवाडे आणि साहेबलोक जमत ते कबिनीकाठच्या काकनकोटेला. निमित्त असे हत्ती पकडण्याचे. खेद्दा म्हणजे जाड ओंडक्यांचे भक्कम आवार. जेनू कुरुब आणि बेट्ट कुरुब जमातींची माणसे कळपाचा माग काढत; मग हाकेकऱ्यांची रांग ढोल, मशाली आणि बंदुकांचे बार यांच्या जोरावर त्याला नदीकडे रेटत नेई. कळप पाणी ओलांडून आत शिरला की वर टांगलेले दार धाडकन खाली येई. त्यानंतर माणसाळवलेले कुनकी हत्ती आत सोडत. त्यांच्या आडोशाने एखादा कुरुब खाली उतरे आणि बिथरलेल्या जनावराच्या मागच्या पायात दोराचा फास अडकवी. पाहुणे हे सगळे सुरक्षित अंतरावरून, उंचावर बसून पाहत.

म्हैसुरात ही पद्धत बसवली जी. पी. सँडरसन या कालव्यांच्या कामावरच्या अधिकाऱ्याने. १८७३ चा पहिला प्रयत्न फसला. १८७४ मध्ये मात्र एका खेपेत पन्नासहून अधिक हत्ती हाती लागले. पुढे ब्रिटिश राजपुत्र आल्बर्ट व्हिक्टर १८८९ मध्ये आला, तेव्हा खेद्दा हा पाहुणचाराचा भाग झालेला होता. कामही चोख, करमणूकही चोख. पकडीत आणि नंतरच्या बांधणीत मरणारे हत्ती हिशेबाच्या वहीत राहत.

याच काळात हत्तीला कायद्याचे संरक्षणही मिळाले. मद्रास इलाख्याने १८७३ मध्ये आणि हिंदुस्थान सरकारने १८७९ मध्ये हत्ती मारण्यावर वा परवान्याशिवाय पकडण्यावर बंदी घातली. त्यामागे करुणा कमी आणि गरज जास्त होती. तोफा ओढायला, सामान वाहायला, सागवानाचे ओंडके हलवायला हत्ती हवा होता; सरकारी मालमत्ता जपावी तसा तो जपला गेला. काकनकोटेचा शेवटचा खेद्दा १९७१ मध्ये झाला. पुढच्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९७७ मध्ये हत्ती त्याच्या पहिल्या अनुसूचीत गेला. खेद्द्याची ती जागा आज कबिनी धरणाच्या पाण्याखाली आहे.

हत्तीच्या नावाने ‘दिवस’ साजरा करण्याची चाल मात्र थायलंडची. तिथे सुरिन प्रांतात १९६० पासून हत्तींचा मेळा भरतो. हत्ती पकडण्यात आणि पाळण्यात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेल्या कुई लोकांचे कसब हे त्याचे मूळ आकर्षण. १९८९ मध्ये थायलंडने जंगलातली लाकूडतोड बंद केली. जंगलासाठी निर्णय चांगला होता, पण ओंडके ओढणारे हत्ती आणि माहूत एका फटक्यात बेकार झाले. काही तर शहरांच्या रस्त्यांवर भीक मागत फिरू लागले. या पार्श्वभूमीवर १९९८ मध्ये १३ मार्च हा राष्ट्रीय हत्ती दिन ठरला. जागतिक हत्ती दिनही तिकडूनच आला. कॅनडाच्या चित्रपटकर्त्या पॅट्रिशिया सिम्स आणि पाळीव हत्तींना पुन्हा जंगलात सोडणारी एक थाई संस्था यांनी १२ ऑगस्ट २०१२ रोजी तो सुरू केला. १२ ऑगस्ट हा त्या संस्थेला आश्रय देणाऱ्या राणी सिरिकित यांचा वाढदिवस.

भारतात १९९२ मध्ये हत्ती प्रकल्प सुरू झाला, तरी वाघाला मिळाले तसे वलय हत्तीला मिळाले नाही. महेश रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील कृतिदलाने २०१० च्या ऑगस्टअखेर ‘गजः’ हा अहवाल दिला. हत्तीला राष्ट्रीय वारसा प्राणी ठरवावे आणि त्याच्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमावे, अशा त्यात शिफारशी होत्या. पहिली दोन महिन्यांत अमलात आली; दुसरी अजूनही कागदावर आहे. सन्मान देणे स्वस्त पडते.

२४ मे २०११ रोजी दिल्लीत हत्ती असलेल्या आठ देशांची बैठक भरली आणि ‘हाथी मेरे साथी’ ही मोहीम जाहीर झाली. २०१७ च्या हत्ती दिनी गजयात्रेची घोषणा झाली. या यात्रेचा रोख भ्रमणमार्गांवर, म्हणजे एका जंगलातून दुसऱ्यात जाण्याच्या हत्तींच्या ठरलेल्या वाटांवर होता. त्या वर्षीच्या नोंदीत अशा १०१ वाटा होत्या. २०२३ च्या सरकारी अहवालात १५०. वाट अडली की कळप शेतात उतरतो, रुळांवर येतो, हे गावोगाव सांगायचे तर भाषणापेक्षा मिरवणूक कामी येते, हा यात्रेमागचा हिशेब चुकीचा म्हणता येणार नाही. एप्रिल २०२३ मध्ये प्रकल्पाला तीस वर्षे झाल्याबद्दल काझीरंगात गजउत्सव झाला. उद्घाटन राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी केले. मात्र त्याच वर्षी हत्ती प्रकल्पाचा कारभार व्याघ्र प्रकल्पाला जोडण्यात आला.

आकडे जाहीर करायलाही जागतिक हत्ती दिन सोयीचा ठरला. १२ ऑगस्ट २०१७ रोजी देशातल्या हत्तींची प्राथमिक संख्या २७,३१२ अशी सांगितली गेली. २०२५ मध्ये डीएनएवर आधारित गणनेने २२,४४६ हा अंदाज दिला. पद्धतच वेगळी असल्याने दोन आकडे शेजारी ठेवून घट काढता येत नाही.

महाराष्ट्रात हा विषय सणासारखा आलाच नाही. २००२ च्या सुमारास कर्नाटकातून हत्ती तिलारी खोऱ्यात उतरले, आणि २०२१ मध्ये छत्तीसगडातून एक कळप गडचिरोलीत आला. तिलारीकडच्या दोडामार्गात केळीची बाग एका रात्रीत आडवी झाली, माड मुळासकट उपटला गेला की गाव जमते ते टस्कराला पकडून न्या, ही मागणी घेऊन. २०१५ मध्ये त्याच भागातल्या माणगाव खोऱ्यातले हत्ती खरोखरच पकडले गेले. त्यासाठी प्रशिक्षित कुनकी हत्ती आणि माहूत आणावे लागले, तेही कर्नाटकातूनच.