विकेंद्रित डिजिटल ओळख

एखादा दाखला किंवा ओळखपत्र खरे आहे की नाही, हे मूळ कार्यालयाला न विचारता कोणालाही संगणकीय गणिताने तपासता येईल अशी व्यवस्था. तीत दाखला देणारा, धारक आणि पडताळणारा असे तीन पक्ष असतात. देणारा आपल्या खाजगी किल्लीने, म्हणजे फक्त त्याच्याकडे असलेल्या गुप्त संकेताने, दाखल्यावर डिजिटल स्वाक्षरी करतो. जोडीची सार्वजनिक किल्ली सर्वांना खुली असते. ती लावून पडताळणारा स्वाक्षरी तपासतो. धारकाची स्वतःची किल्ली त्याच्याच मोबाइलमध्ये राहते आणि कोणती माहिती कोणाला दाखवायची, हे तो ठरवतो. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने अशा दाखल्यांचे मानक २०१९ मध्ये, तर विकेंद्रित ओळखक्रमांकांचे मानक २०२२ मध्ये प्रसिद्ध केले.

एटापल्लीतील वापर : शिष्यवृत्ती, राखीव जागांवरील प्रवेश आणि नोकरी यांसाठी जातीचा दाखला लागतो; बनावट दाखल्यामुळे खऱ्या आदिवासीची जागा जाते. गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली येथे २०२२ मध्ये सुमारे ६५,००० जातीचे दाखले लेजिटडॉक या प्रणालीद्वारे पॉलिगॉन ब्लॉकचेनवर (अनेक संगणकांवर जतन होणाऱ्या, मागाहून बदलणे अतिशय अवघड असलेल्या सामाईक नोंदवहीवर) नोंदवण्याचे काम हाती घेतले गेले. त्याआधी महाराष्ट्र राज्याच्या कौशल्य विकास मंडळाने आपल्या प्रमाणपत्रांसाठी इथेरियम ब्लॉकचेन निवडली होती.

कार्यपद्धती : दाखल्यातील मजकुरावरून ठरावीक लांबीचा अंकाक्षरी ठसा, म्हणजे हॅश, काढतात आणि ब्लॉकचेनवर त्याची नोंद करतात. मजकुरातले एक अक्षर बदलले तरी ठसा जुळत नाही. दाखल्यावर छापलेला क्यूआर कोड स्कॅन करून ही जुळणी होते. त्यामुळे धारकाजवळ स्मार्टफोन नसला तरी चालते. इंटरनेट फक्त पडताळणाऱ्याकडे असावे लागते. दुर्गम गावांच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे.

मर्यादा : ठशावरून दाखला बदललेला नाही एवढेच सिद्ध होते. त्यातील जातीचा दावा खरा आहे का, हे महाराष्ट्राच्या २००० च्या जात प्रमाणपत्र अधिनियमानुसार पडताळणी समितीच ठरवते. अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० हा मानीव दिनांक (ज्या दिवशीचे वास्तव्य आधार मानतात तो दिवस) असून त्यापूर्वीच्या महसुली आणि शालेय नोंदींना मोठे महत्त्व असते. ज्यांच्या घरात त्या काळी कोणी शाळेत गेले नाही आणि ज्यांच्या नावे जमीन नव्हती, त्यांची अडचण ब्लॉकचेनने सुटत नाही. शिवाय एटापल्लीच्या व्यवस्थेत किल्ली धारकाच्या हाती नसल्याने पडताळणी विकेंद्रित झाली, तरी ओळखीवरचा ताबा कार्यालयाकडेच राहतो. तो धारकाकडे जाईल तेव्हाच ही व्यवस्था पूर्ण अर्थाने विकेंद्रित ठरेल.