कमी ज्वलनप्रवण सिगारेट-कागद : उष्णतेच्या कसोटीचा इतिहास

प्रस्तावना : पेटती सिगारेट गादीवर वा कोचावर पडली की आतील कापूस धुमसू लागतो आणि झोपेतील माणसे प्राणास मुकतात. विसाव्या शतकात अमेरिकेपुढील हा एक गंभीर सामाजिक प्रश्न होता. १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील वेस्टवूड येथे अशा आगीत एकाच कुटुंबातील सात जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर लोकप्रतिनिधी जो मोकली यांनी अमेरिकन काँग्रेसमध्ये विधेयक मांडले. या प्रश्नातून घडलेल्या कागदाचा व त्याच्या कसोटीचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कायद्याची वाटचाल : १९८४ च्या कायद्याने तज्ज्ञांचा अभ्यासगट नेमला गेला. कमी ज्वलनप्रवण सिगारेट तयार करणे तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे, असा निष्कर्ष त्याने १९८७ मध्ये मांडला. १९९० च्या कायद्याने चाचणीपद्धती विकसित करण्याचे काम राष्ट्रीय मानक संस्थेकडे सोपविले. २००२ मध्ये ‘ए.एस.टी.एम. ई २१८७’ हे मानक प्रसिद्ध झाले. न्यूयॉर्क राज्याने २८ जून २००४ पासून ते बंधनकारक केले. कॅनडाने २००५ मध्ये आणि युरोपीय संघाने २०११ मध्ये अशीच तरतूद केली.

कागद आणि उष्णता : या कागदावर ठरावीक अंतराने स्टार्च, अल्जिनेट यांसारख्या पदार्थांचे कमी सच्छिद्र पट्टे असतात. निखारा पट्ट्यापाशी पोहोचला की प्राणवायूचा पुरवठा घटतो आणि झुरका न घेतल्यास सिगारेट विझते. कागदाची वायुपारगम्यता पूर्वापार थंड स्थितीत, दाब देऊन मोजली जाते. धुमसणाऱ्या सिगारेटमध्ये मात्र दाबाचा फरक जवळजवळ नसतो. प्राणवायू मुख्यतः विसरणाने आत शिरतो. शिवाय निखाऱ्यालगतचा कागद जळण्यापूर्वीच तापतो. सेल्युलोजचे विघटन साधारणतः ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास वेग घेते, छिद्रे रुंदावतात आणि विसरणक्षमता वाढते. म्हणून थंड स्थितीत समान ठरलेले दोन कागद जळताना भिन्न वागू शकतात. पट्ट्याचा लेप उष्णतेत टिकला नाही, तर त्याचा उपयोग उरत नाही.

या दृष्टीने मानकाची रचना अर्थपूर्ण ठरते. त्यात कागदाचे गुणधर्म न मोजता पेटती सिगारेट गाळणकागदाच्या दहा थरांवर ठेवली जाते. न्यूयॉर्कच्या नियमानुसार ४० सिगारेटींपैकी २५ टक्क्यांहून अधिक सिगारेटी पूर्ण लांबीपर्यंत जळता कामा नयेत.

समारोप : मॅसॅच्युसेट्समध्ये २००८ साली कायदा लागू झाला. सिगारेटमुळे आग लागण्याची शक्यता त्यानंतर सुमारे २८ टक्क्यांनी घटल्याचे २०१४ च्या एका अभ्यासात आढळले. हे यश मोलाचे असले तरी धोका संपलेला नाही. कसोटीच मुळी एक-चतुर्थांश सिगारेटींना पूर्ण जळण्याची मुभा देते. सुरक्षिततेची पारख वस्तूच्या स्थिर गुणधर्मांवर न करता प्रत्यक्ष वापरातील तिच्या वर्तनावर करावी, हाच या इतिहासाचा बोध होय.