उभ्या सायकलीचा इतिहास

सायकलीचा इतिहास सांगताना ती कशी धावू लागली हेच बहुधा सांगितले जाते. पण रोज शाळेत किंवा कामावर जाणारी सायकल चोवीस तासांपैकी फार तर दोन-तीन तास धावते. उरलेला सगळा वेळ ती कुठेतरी उभी असते. ती गंजते, तिचे टायर तडकतात, ती चोरीला जाते, ते बहुतेक या उभ्या वेळात. तेव्हा ‘सायकल ठेवायची कुठे आणि कशी?’ हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. त्याच्या उत्तरात रसायनशास्त्र आहे, पदार्थविज्ञान आहे आणि थोडा समाजाचा इतिहासही आहे.

‘गॅरेज’ हा शब्दच पहा. आपल्याकडे गॅरेज म्हटले की वाहन दुरुस्तीची जागा डोळ्यांसमोर येते. ज्या फ्रेंच क्रियापदापासून तो आला, त्याचा अर्थ मात्र ‘सुरक्षित जागी नेऊन ठेवणे’ असा आहे. फ्रान्समध्ये सायकली ठेवण्याच्या शेडला आजही ‘सायकलींचे गॅरेज’ असेच म्हणतात.

१८१७ साली जर्मनीतील मानहाइम येथे कार्ल फॉन ड्राइस यांनी आपले दुचाकी यंत्र चालवून दाखवले. ते लाकडी होते, त्याला पायडल नव्हते. जमिनीला पाय मारत पुढे जायचे. असली वाहने बाळगणारे लोक सुखवस्तू होते. त्यांच्याकडे घोड्यांचे तबेले आणि बग्ग्यांच्या खोल्या होत्या, त्यामुळे जागेचा प्रश्न आला नाही. १८७० च्या दशकात पुढचे चाक माणसाच्या छातीइतके उंच असणारी सायकल आली. ती आपली आपण उभी राहत नसे. तिला भिंतीचा आधार लागे आणि अरुंद जिन्यातून वर नेणे तर दुरापास्तच!

१८८५ साली जॉन केम्प स्टार्ली यांची ‘रोव्हर’ सायकल आली. जवळजवळ सारख्या उंचीची दोन चाके, मागच्या चाकाला चेन आणि पाय जमिनीला टेकतील अशी बैठक. चालवायला ती सुरक्षित होती हे तिचे वैशिष्ट्य सगळे सांगतात. पण ती साध्या दारातून आत नेता येत होती, बोळात भिंतीशी टेकवता येत होती, हेही तितकेच महत्त्वाचे. पुढे किमती उतरल्यावर तबेला नसलेल्या माणसाच्या घरातही ती मावू शकली.

१८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी हवेचा टायर वापरात आणला. प्रवास सुखाचा झाला, पण उभ्या सायकलीला एक नवा शत्रू मिळाला. रबराचे रेणू लांब साखळीसारखे असतात. १८३९ साली चार्ल्स गुडइयर यांना रबर गंधकाबरोबर तापवले असता ते टिकाऊ होते हे आढळले होते. गंधक या साखळ्यांना एकमेकींशी बांधून टाकतो. योगायोग असा की त्याच वर्षी बाझेल येथे शेनबाइन यांना विजेच्या प्रयोगात एक उग्र वास आला, आणि त्यातून ओझोनचा शोध लागला. हा ओझोन रबराच्या साखळीतील दुहेरी बंधांवर हल्ला करतो आणि साखळी तुटते. रबर ताणलेले असेल तर तुटलेला भाग उघडा पडतो आणि चीर खोल जाते. चिरा नेहमी ताणाच्या आडव्या दिशेने पडतात.

हवा गेलेली सायकल महिनोन्‌महिने तशीच उभी ठेवली तर टायर रिमखाली दुमडतो. दुमडीच्या बाहेरच्या बाजूचे रबर ताणलेले राहते आणि नेमके तिथेच तडकते. म्हणून सायकल बराच काळ ठेवायची असेल तर चाकांत हवा भरून ठेवावी, किंवा चाके जमिनीपासून वर राहतील अशी ती टांगावी. टायर बनवताना रबरात थोडे मेण मिसळतात. ते हळूहळू पृष्ठभागावर येऊन पातळ थर धरते आणि ओझोनला अडवते. टायरचा काळा रंग काजळीचा असतो. ती रबराला बळकटी देते आणि उन्हातील अतिनील किरणांपासून त्याचे रक्षणही करते. याउलट तेल, रॉकेल किंवा पेट्रोल सांडलेल्या फरशीवर टायर टेकून राहिला तर रबर ते शोषून फुगते व दुबळे होते. मोटारीशेजारी सायकल ठेवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. वेल्डिंग चालते अशा जागीही सायकल ठेवू नये, कारण तेथे ओझोन तयार होतो.

दुसरा शत्रू गंज. लोखंड गंजायला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात, हे आपण वर्गात शिकवतो. पण पाऊस लागलाच पाहिजे असे नाही. १९२० आणि १९३० च्या दशकांत इंग्लंडमध्ये व्हर्नन या रसायनशास्त्रज्ञाने दाखवले की हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ६० टक्क्यांच्या वर गेली की गंजण्याचा वेग एकदम वाढतो. डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा पातळ थर तेवढ्यानेही धातूवर बसतो. धूळ आणि क्षार असतील तर तो आणखी लवकर बसतो. कोकणात पावसाळ्यात कोरड्या खोलीतली सायकलही का गंजते, याचे उत्तर इथे आहे.

ओल्या सायकलीवर प्लॅस्टिकचा कागद घट्ट गुंडाळणे हा उपाय उलटाच ठरतो, कारण आतली वाफ आतच कोंडते. त्यापेक्षा सायकल पुसून, चेनला तेल देऊन हवेशीर जागी ठेवावी. नुसते छप्परही पुष्कळ काम करते. निरभ्र रात्री उघड्यावरची सायकल आकाशाकडे उष्णता टाकत भोवतालच्या हवेपेक्षा थंड होते आणि तिच्यावर दव पडते. छपराखालच्या सायकलीवर ते सहसा पडत नाही. भिंती नसलेले साधे पत्र्याचे छप्पर ऊन, पाऊस आणि दव या तिघांनाही अडवते.

तिसरा शत्रू माणूस. १९६५ साली ॲमस्टरडॅममध्ये ‘प्रोव्हो’ या तरुणांच्या गटाने काही सायकली पांढऱ्या रंगवून सर्वांच्या वापरासाठी कुलूप न लावता ठेवल्या. पोलिसांनी त्या जप्त केल्या, कारण सायकल कुलूप न लावता रस्त्यावर सोडणे हेच तिथे नियमाविरुद्ध होते! त्याच देशात उत्रेख्त रेल्वे स्थानकाखाली २०१९ साली १२,५०० सायकली मावतील असा तळ पूर्ण झाला. सायकल सांभाळणे ही एकट्या मालकाची नव्हे तर गावाचीही जबाबदारी आहे, असे त्या देशाने ठरवल्याचे हे चिन्ह आहे.

आपल्याकडे सायकली आधी इंग्लंडहून येत. स्वातंत्र्यानंतर मद्रासला टी. आय. सायकल्स (१९४९), सोनीपतला ॲटलस (१९५१) आणि लुधियानाला हीरो (१९५६) असे कारखाने निघाले, आणि सायकल शिक्षक, कारकून, दूधवाले यांच्या आवाक्यात आली. पुणे तर सायकलींचे शहर म्हणून प्रसिद्ध झाले. अनेक नगरपालिका सायकलीवर कर घेत आणि त्याचा पत्र्याचा बिल्ला देत. कर घेतला गेला, पण सायकली ठेवण्याच्या जागेचा विचार त्या प्रमाणात झाला नाही. वाड्यांचे बोळ आणि जिन्याखालची अंधारी जागा यांवरच सगळी भिस्त राहिली.

२००६ साली बिहार सरकारने नववीत गेलेल्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्याची योजना सुरू केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला. माध्यमिक शाळेतील मुलींची संख्या वाढली, आणि ही वाढ मुख्यतः शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून लांब असलेल्या गावांत झाली, असे त्यांना दिसले. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील मुलींना सायकली मिळाल्या. अशा मुलीच्या घरी गॅरेज नसते. शाळेतही छप्पर नसेल, तर दोन पावसाळ्यांत चेन जाम होते, टायर फुटतात, आणि लांबची शाळा पुन्हा लांबच होते. सायकल देणे हे अर्धे काम. ती टिकवणे हे उरलेले अर्धे.

हे मुलांना दोन सोप्या प्रयोगांतून दाखवता येईल. एकसारखे दोन रबरबँड घ्यावेत. एक लाकडी फळीवर ताणून बसवावा, दुसरा तसाच सैल ठेवावा, आणि दोन्ही खिडकीत मोकळ्या हवेत ठेवून दर आठवड्याला भिंगाने पहावेत. दुसऱ्या प्रयोगासाठी पॉलिशपेपरने घासलेले खिळे घ्यावेत. काही उघड्यावर, काही छपराखाली आणि काही ओल्या फडक्यासह प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावेत. कोणता खिळा आधी गंजतो याचा अंदाज मुलांकडून आधी लिहून घ्यावा. मग त्या नोंदी घेऊन मुलांबरोबर शाळेच्या सायकलींच्या जागेवर एक फेरी मारावी, आणि तिथे काय बदलायला हवे याची यादी मुलांनाच करू द्यावी.